मुळांपाशी चालणारा व्यवहार

जिवाणू खताच्या चांगल्या पाकिटावर बहुधा असे लिहिलेले असते की त्यातील प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू आहेत. हा आकडा पहिल्यांदा वाचणारा माणूस दिपून जातो. पण ज्या वाफ्यात ते पाकीट रिकामे करायचे असते, त्या वाफ्यातील चिमूटभर माती उचलली तर तिच्याही एका ग्रॅममध्ये १० कोटी ते १०० कोटी जिवाणू सहज सापडतात, आणि त्यांना तेथे कोणी आणून सोडलेले नसते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन अंदाजे २० लाख किलो भरते. २०० ग्रॅमचे एक पाकीट या सगळ्या मातीत सारखे मिसळले असे क्षणभर गृहीत धरले, तर आपण सोडलेल्या प्रत्येक जिवाणूमागे तेथे आधीपासून नांदणारे निदान एक कोटी जिवाणू असतात. हे गणित मी अधूनमधून मुद्दाम कागदावर मांडते. सेंद्रिय भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाच्या उत्साहाला त्याने चांगला लगाम बसतो.

दुधाला चमचाभर विरजण लावले की रात्रीतून सगळ्या दुधाचे दही होते, आणि जिवाणू खतांविषयीची आपली अपेक्षा नकळत याच अनुभवावर बेतलेली असते. परंतु ते दूध आधी तापवलेले असते, म्हणजे त्यातील जुने रहिवासी बहुतेक नाहीसे झालेले असतात. ते कोमट असते आणि त्यात साखरही भरपूर असते. मातीला यांतले काहीच लागू पडत नाही. तेथे प्रत्येक कणावर, प्रत्येक छिद्रात कोणीतरी आधीच वस्ती केलेली असते, अन्न नेहमीच अपुरे असते आणि नवख्या जिवाणूंना खाऊन टाकणारे आदिजीव व सूत्रकृमी टपलेले असतात. त्यामुळे मोकळ्या मातीत शिंपडलेल्या जिवाणूंची संख्या काही आठवड्यांत झपाट्याने घटत जाते, असेच बहुतेक अभ्यासांत दिसून आलेले आहे.

मग ही खते वापरावीत की नाहीत? मी वापरते, आणि काही ठिकाणी त्यांच्यावाचून मला चालणारही नाही. मात्र माझ्या मते खरा प्रश्न किती जिवाणू टाकले हा नसून ते कोणत्या मुळाला चिकटले, त्या मुळाशी त्यांचा काही करार आहे का आणि त्यांच्या पोटाची सोय कोण करणार आहे, हा आहे. ज्या जिवाणूंचा वनस्पतीशी असा पक्का करार असतो, ते एक कोटीत एक असले तरी आपली जागा मिळवतात. ज्यांचा नसतो, त्यांना केवळ संख्येच्या बळावर ती मिळत नाही.

या कराराचे सर्वांत जुने आणि सर्वांत निर्विवाद उदाहरण म्हणजे शेंगावर्गीय भाज्यांच्या मुळांवरील गाठी. जर्मनीतील हेर्मान हेलरिगेल आणि हेर्मान विल्फार्थ यांनी १८८६ साली आपले जे प्रयोग जाहीर केले, ते आजही कोणाला घरी करून पाहता येतील इतके सोपे होते. नत्र नसलेल्या, निर्जंतुक केलेल्या वाळूत लावलेली वाटाण्याची रोपे बियांतला साठा संपताच खुरटून जात. त्याच वाळूत थोडेसे मातीचे पाणी घातले की त्यांच्या मुळांवर गाठी धरत आणि ती रोपे हिरवीगार वाढू लागत. तृणधान्यांच्या रोपांना मात्र त्या पाण्याचा असा काहीच उपयोग होत नसे. दोन वर्षांनी, १८८८ साली, नेदरलँड्समधील मार्टिनस बायेरिंक यांनी गाठींतला जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला, आणि १८९६ साली नोबे व हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञांनी नायट्राजिन या नावाने तो बाजारातही आणला. म्हणजे जिवाणू खत ही कल्पना कारखान्यात तयार होणाऱ्या अमोनियापेक्षाही वयाने मोठी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांनी अमोनिया बनवण्याची आपली प्रक्रिया १९०९ साली प्रयोगशाळेत यशस्वी केली आणि तिचा पहिला मोठा कारखाना १९१३ साली सुरू झाला. सेंद्रिय शेतीच्या चर्चेत जिवाणू खतांना नव्या युगाचा शोध म्हटले जाते तेव्हा मला या सनावळीची आठवण करून द्यावीशी वाटते.

हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि एका हेक्टरच्या डोक्यावर त्याचे वजन सुमारे पाऊण लाख टन भरते, तरीही वनस्पती नत्रासाठी उपाशी राहू शकते, कारण नत्राच्या दोन अणूंमधील तिहेरी बंध तोडणे तिच्या आवाक्यातले नसते. कारखान्यात त्यासाठी ४०० अंशांहून अधिक तापमान आणि हवेच्या दाबाच्या शे-दोनशे पट दाब लागतो. गाठींतला हा जिवाणू, म्हणजेच रायझोबियम, तेच काम मातीच्या साध्या तापमानाला नायट्रोजनेज या विकराच्या साहाय्याने करतो, परंतु ते फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी एटीपी या ऊर्जावाहकाचे किमान १६ रेणू खर्ची पडतात आणि ही सगळी ऊर्जा पानांनी तयार केलेल्या साखरेतून येते. त्यात आणखी एक पेच असा की हा विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होतो, तर जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. वनस्पतीने त्यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे. ती गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन तयार करते, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे ते नातेवाईकच म्हणायचे, आणि ते प्राणवायूला धरून ठेवून हवा तेवढाच पुरवते. त्यामुळे कार्यक्षम गाठ नखाने कापली की आतून गुलाबी किंवा लालसर दिसते. पांढरट, करडी किंवा हिरवी गाठ म्हणजे एक तर अजून कामाला न लागलेली, नाही तर काम संपलेली, अथवा मुळातच आळशी जिवाणूंनी बळकावलेली.

आळशी हा शब्द मी थट्टेने वापरलेला नाही. गाठी निर्माण करणाऱ्या जिवाणूंच्या सर्वच वाणांची नत्र बांधण्याची क्षमता सारखी नसते, आणि काही तर वनस्पतीची साखर खाऊन तिला फारसे काही परत देत नाहीत. सोयाबीनवरील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही गाठींभोवतीच्या हवेतील नत्र काढून घेण्यात आला, म्हणजे त्यांतील जिवाणूंना इच्छा असूनही काम करता येऊ नये अशी व्यवस्था केली गेली. तेव्हा वनस्पतीने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि त्यांतील जिवाणूंची वाढ खुंटली. आपण ज्याला सहजीवन म्हणून गौरवतो त्यात देखरेख आहे, हिशेब आहे आणि शिक्षाही आहे. निसर्गात सगळे एकमेकांना सढळ हाताने देत असतात, असे लिहिण्याचा मोह सेंद्रिय शेतीवरील लेखनात नेहमी दिसतो; मला मात्र हा रोखठोक व्यवहार त्या गोडव्यापेक्षा अधिक आदर वाटायला लावणारा वाटतो.

या व्यवहारात जोडीदारही ठरलेले असतात. वनस्पतीच्या मुळांतून फ्लॅव्होनॉइड द्रव्ये झिरपतात, ती ओळखणारा जिवाणू उलट रासायनिक संकेत पाठवतो, तो संकेत पटला तरच मूळरोम वळतो आणि जिवाणूला आत घेतो. म्हणून वाटाण्यासाठी योग्य असलेला वाण चवळीला चालत नाही, चवळीचा सोयाबीनसाठी भरवशाचा नसतो आणि घेवड्याचे जोडीदार पुन्हा निराळे. पाकिटावर केवळ रायझोबियम असे लिहिलेले असेल आणि पिकाचे नाव नसेल, तर ते घेण्यात अर्थ नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याउलट एखाद्या जमिनीत एखादे शेंगावर्गीय पीक पूर्वी कधीच घेतलेले नसेल, तेव्हा योग्य वाणाची बीजप्रक्रिया केलेले आणि न केलेले वाफे यांतला फरक ओळखायला कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. ब्राझीलमधील सोयाबीनचे प्रचंड क्षेत्र जवळजवळ नत्रखताशिवाय पिकते ते याच कारणाने. तेथील जमिनीत हे जिवाणू मुळात नव्हते, ते बियाण्यासोबत न्यावे लागले आणि योहाना डोबेराइनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्याचा आग्रह धरला. मात्र त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे वाटाणा येत असेल, तर जुने जिवाणू ठाण मांडून बसलेले असतात आणि नव्या पाकिटाचा लाभ कित्येकदा शून्य असतो.

आणखी एक गोष्ट भाजीपाला पिकवणाऱ्यांनी विशेषतः ध्यानात घ्यावी. वाफ्यात नत्र मुबलक असेल, म्हणजे ताजे कोंबडीखत किंवा भरपूर शेणखत घातलेले असेल, तर वनस्पती गाठी धरण्याचे टाळते; साखर खर्च करून जे विकत घ्यायचे ते दारात फुकट पडलेले असताना ती व्यवहार का करील? वाटाण्याच्या आणि घेवड्याच्या वाफ्याला मी म्हणूनच खत जवळजवळ देत नाही. त्यातही घेवडा हा या कुळातला कामचुकार. त्याची नत्र बांधण्याची क्षमता चवळीच्या किंवा वाटाण्याच्या तुलनेत बेताचीच असते, त्यामुळे त्याला थोडे कुजलेले कंपोस्ट दिले तरी मनाला लागत नाही.

शेंगावर्गीय पिकांच्या या यशावर इतर जिवाणू खतांची सगळी भिस्त आहे, आणि येथेच माझे मत विक्रेत्यांच्या मताहून वेगळे होऊ लागते. ॲझोटोबॅक्टर हा मातीत मोकळा राहून नत्र बांधणारा जिवाणू. बायेरिंक यांनीच १९०१ साली त्याचे वर्णन केले. तो वांगी, टोमॅटो, कोबी अशा कोणत्याही पिकाला चालतो, असे सांगितले जाते. खरे तर त्याचे कोणत्याच पिकाशी नाते नसते. त्याची साखर त्याला स्वतःच मिळवावी लागते. प्रयोगशाळेत त्याला एक ग्रॅम साखर दिली तर तो साधारण १० मिलिग्रॅम नत्र बांधतो. या दराने एक किलो नत्रासाठी १०० किलो साखर लागते. कोबीचे चांगले पीक हेक्टरी २०० किलोच्या आसपास नत्र उचलते. म्हणजे तेवढे काम केवळ ॲझोटोबॅक्टरकडून करून घ्यायचे तर २० टन साखर जमिनीत ओतावी लागेल, आणि तीही इतर कोट्यवधी जिवाणूंनी त्याला मुकाट्याने खाऊ दिली तर. शिवाय त्याला आम्लधर्मी माती मानवत नाही. तेव्हा तो नत्रखताची जागा घेईल ही अपेक्षा रसायनशास्त्राला धरून नाही. मातीत हे मोकळे नत्रबंधक हेक्टरी वर्षाला बहुधा काही किलोंची भर घालतात, आणि ती मोलाचीच आहे; परंतु चवळीचे किंवा वाटाण्याचे पीक अनुकूल परिस्थितीत १०० किलोंचा टप्पा गाठू शकते, हे शेजारी लिहिल्याशिवाय पहिल्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

तरीही ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम लावलेली रोपे कधीकधी खरोखरच जोमाने वाढतात, ते का? ॲझोस्पिरिलमच्या बाबतीत तरी त्याचे उत्तर बरेचसे स्पष्ट झालेले आहे. हा जिवाणू मुळांच्या अगदी लगत आणि काही वेळा आतही राहतो, आणि तो इंडोल ॲसेटिक आम्लासारखी वाढद्रव्ये सोडतो. त्यामुळे मुळांना फांद्या आणि मूळरोम अधिक फुटतात, ती अधिक मातीला स्पर्श करतात आणि तेथे असलेले पाणी व अन्न अधिक उचलतात. याचा अर्थ असा की हा जिवाणू अन्न आणून देत नाही, शोधायची ताकद वाढवतो. आणि ज्या मातीत शोधण्यासारखे काही उरलेलेच नाही तेथे त्याचा उपयोग होत नाही. स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणाऱ्या जिवाणूंचेही तसेच आहे. काही बॅसिलस आणि स्यूडोमोनास जिवाणू ग्लुकॉनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले सोडून कॅल्शियमशी जखडलेला स्फुरद मोकळा करतात, हे परीक्षानळीत स्वच्छ दिसते. मातीत मात्र ते आम्ल चुन्याने तत्काळ शमवले जाते, आणि सुटलेला स्फुरद आधी जिवाणू स्वतःच्या शरीरात घेतो, उरला तर पुन्हा माती त्याला धरते. मुळाच्या अगदी कडेला हे घडले तरच रोपाच्या वाट्याला काही येते.

बॅसिलसची एक गंमत येथे सांगून टाकते. बाजारातील कितीतरी मिश्रणांत बॅसिलस कुळातील जिवाणू असतात, कारण ते बीजाणू तयार करतात आणि बीजाणू बाटलीत महिनोन्महिने टिकतात. याचा अर्थ ते निरुपयोगी असतात असा नव्हे. पण बाटलीत काय भरायचे हे ठरवताना मुळांपाशी कोण उत्तम काम करतो यापेक्षा गोदामात कोण जिवंत राहतो याचा विचार आधी झालेला असतो, एवढे ग्राहकाने ओळखून असावे.

आता बुरशीकडे वळते, कारण भाजीपाल्यात जिवाणूंपेक्षाही माझा विश्वास मायकोरायझावर, म्हणजे मुळांत वस्ती करून त्यांच्याशी सहजीवन साधणाऱ्या बुरशीवर, अधिक आहे, आणि त्याच्या मर्यादाही अधिक ठळक आहेत. स्फुरद मातीत फारच सावकाश सरकतो. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलून संपवते आणि मग तेथे रितेपणा येतो. मायकोरायझाचे तंतू मूळरोमांपेक्षाही कितीतरी बारीक असतात. ते त्या रित्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पसरतात आणि तेथला स्फुरद, जस्त व थोडे पाणी मुळाच्या पेशींत आणून सोडतात. मोबदल्यात वनस्पती पानांत तयार झालेल्या अन्नापैकी ४ ते २० टक्के त्यांच्या हवाली करते. हा करार इतका पुरातन आहे की सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या वनस्पती-जीवाश्मांतही त्याच्या खुणा दिसतात, म्हणजे वनस्पतींना धड मुळे फुटण्याआधीपासून तो चालू असावा.

कांदा, लसूण आणि लीक यांची मुळे जाड, विरळ आणि जवळजवळ मूळरोमांविना असतात, म्हणून ही पिके या बुरशीवर सर्वाधिक विसंबून असतात. मिरची, वांगी, टोमॅटो, गाजर, काकडी यांनाही ती चालते. परंतु कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे सगळे मोहरीचे कूळ आणि पालक, बीट, राजगिरा यांचे कूळ हा करार सहसा करतच नाही. कोबीच्या रोपांना मायकोरायझाचे महागडे द्रावण पाजणे म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात घालणे आहे, आणि तरीही सर्व भाज्यांसाठी उपयुक्त असे लिहिलेली पाकिटे मी पाहिलेली आहेत. दुसरी मर्यादा अशी की ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. त्यामुळे ती मक्याच्या किंवा ज्वारीच्या कुंड्यांमध्ये, नाही तर प्रयोगशाळेत गाजराच्या जनुकीय बदल केलेल्या मुळांवर वाढवावी लागते. साखरपाण्यात फेसाळवून ती घरी वाढवता येते असे कोणी सांगू लागला, तर त्याच्याकडून पुढचे काही ऐकण्याची आवश्यकता नाही. तिसरी मर्यादा सेंद्रिय शेतकऱ्याला सर्वांत अधिक टोचणारी आहे. मातीत स्फुरद भरपूर असेल तर वनस्पती या बुरशीला हात आखडता घेऊन अन्न देते. वर्षानुवर्षे शेणखत आणि कोंबडीखत ओतलेल्या वाफ्यांत नत्राच्या मानाने स्फुरद साचत जातो, आणि अशा सुपीक म्हणवणाऱ्या वाफ्यातच मायकोरायझा सर्वांत निष्क्रिय असतो.

म्हणून तिचे खरे स्थान रोपवाटिकेत आहे, असे मला वाटते. रोपांसाठी वापरले जाणारे माध्यम, मग ते कोकोपीट असो की पीट, बऱ्याच अंशी या बुरशीपासून मुक्त असते. तेथे स्पर्धा कमी, मूळ कोवळे आणि जागा लहान. पेरणीच्या वेळी बीच्या खाली चिमूटभर संवर्धक ठेवला, माध्यमात स्फुरद बेताचा राखला, तर पुनर्लागवडीपूर्वीच मुळात बुरशी नांदू लागते आणि रोप तिला सोबत घेऊनच वाफ्यात जाते. सुरुवातीच्या त्या एकास एक कोटीच्या गणिताला येथे अर्थ उरत नाही, कारण लढाई हेक्टरभर मातीत नसून चमचाभर माध्यमात असते. ट्रायकोडर्मालाही हेच लागू पडते. ती अन्न पुरवणारी बुरशी नव्हे. १९३२ साली रिचर्ड वाइंडलिंग यांनी तिला रायझोक्टोनियासारख्या रोगकारक बुरशीला विळखा घालून खाताना पाहिले, आणि रोपांच्या मरीविरुद्ध तिचा उपयोग तेव्हापासून सुरू झाला तो अजून चालू आहे. कुजलेल्या कंपोस्टमध्ये ती आठवडाभर मुरवून मग माध्यमात मिसळली तर ती तग धरते. कोरड्या मातीवर नुसती भुरभुरली तर बहुधा धरत नाही.

हाताळणीविषयी थोडक्यात सांगायचे तर जिवाणूंना ऊन, कोरडेपणा आणि ४० अंशांवरची उष्णता मारते, म्हणून बीजप्रक्रिया सावलीत करावी आणि बी त्याच दिवशी वाफशावर पेरावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने बरेचसे निघून जाते, क्लोरामाइन मात्र तसे जात नाही. बोर्डो मिश्रणासारखी तांब्याची औषधे सेंद्रिय शेतीत मान्य असली तरी ती जिवाणू आणि ट्रायकोडर्मा या दोघांचीही शत्रूच आहेत. एकीकडे मुळांना संवर्धक पाजायचे आणि दुसरीकडे वरचेवर तांबे फवारायचे, हा विरोधाभास अनेक बागांत चालू असतो.

हे सगळे लिहूनही मला असे म्हणायचे आहे की सेंद्रिय भाजीपाल्याचे खरे खत सूक्ष्मजीवच आहेत, फक्त ते पाकिटातले नव्हेत. कंपोस्टमधील नत्र बहुतांशी प्रथिनांत आणि इतर सेंद्रिय संयुगांत अडकलेला असतो आणि रोपाला त्याचा सहजी उपयोग नसतो. जिवाणू आणि बुरशी ते पदार्थ फोडतात, स्वतःची शरीरे बांधतात, मग त्यांना आदिजीव आणि सूत्रकृमी खातात आणि गरजेपेक्षा जास्त झालेला नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. त्या अमोनियापासून दुसरे जिवाणू नायट्रेट बनवतात. या साखळीला सांभाळायचे तर तिच्या आहाराचा समतोल पाहावा लागतो. कार्बन व नत्राचे प्रमाण २० च्या आसपास किंवा त्याहून कमी असलेले खत नत्र सोडते. ३० च्या वर गेले, जसे भुसा किंवा वाळलेला पेंढा मातीत गाडल्यावर होते, तर जिवाणू स्वतःच्याच गरजेसाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि पालक पिवळा पडतो. तोच पेंढा मातीवर आच्छादन म्हणून पसरला तर हे संकट बहुतेक टळते. माती थंड असेल तर सगळी साखळी मंदावते, आणि भरपूर कंपोस्ट घातलेल्या वाफ्यातही रोपे उपाशी दिसतात. अशा वेळी आणखी एक बाटली ओतण्यापेक्षा माती उबदार होण्याची वाट पाहणे शहाणपणाचे असते.

बाटलीने काम केले की बाटलीतील अन्नाने, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे आणि तिचा वापर इतका कमी व्हावा याचे मला नवल वाटते. द्रावणाचा अर्धा भाग उकळून, थंड करून एका वाफ्याला द्यावा आणि उरलेला जिवंत भाग शेजारच्या वाफ्याला. उकळल्याने जिवाणू बहुतेक मरतात, पण नत्र, पालाश आणि साखर तशीच राहते. तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात जपानमध्ये पुढे आणलेल्या ‘इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स’ या प्रसिद्ध मिश्रणाची स्वित्झर्लंडमध्ये २००३ ते २००६ या काळात अशाच पद्धतीने क्षेत्रीय चाचणी झाली. जे थोडेफार परिणाम दिसले ते मिश्रणासोबत जमिनीत गेलेल्या पोषक द्रव्यांचे होते, जिवंत जिवाणूंचे नव्हते, असा तिचा निष्कर्ष निघाला. एका हवामानातील एका चाचणीवरून सर्वत्र निकाल देणे योग्य नाही, परंतु ज्याला आपल्या वाफ्यापुरता निकाल हवा असेल त्याला पातेले आणि चूल पुरेशी आहे. मी माझ्याकडे येणारे प्रत्येक नवे द्रावण असेच पारखते. उकळलेल्या आणि न उकळलेल्या पट्ट्यांत फरक दिसला नाही तर ते पुन्हा आणत नाही, मग त्याची कीर्ती कितीही असो. गुळवणी किंवा मळी घालून वाढवलेल्या द्रावणांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे: अपुऱ्या कुजलेल्या शेणातून आलेले रोगजंतूही त्या साखरेवर तितक्याच आनंदाने वाढतात, म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांच्या पानांवर अशी द्रावणे मी फवारत नाही.

या सगळ्या विचारांचा माझ्यावर झालेला परिणाम असा की खरेदीची यादी आखूड झाली आणि पीक-फेरपालटीचा कागद लांबला. पिकाचे नाव लिहिलेला रायझोबियम, तोही नव्या जमिनीपुरता; रोपवाटिकेसाठी मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा; एवढेच विकतचे उरले. बाकीचे काम क्रमाने करून घ्यावे लागते, आणि त्यात ओढाताण असते. वाटाणा कोवळ्या शेंगांसाठी काढल्यावर त्याच्या वेलांत आणि मुळांत बराच नत्र शिल्लक राहतो, कारण तो अजून पूर्णपणे दाण्यांत गेलेला नसतो; वेल जमिनीलगत कापून मुळे तशीच मातीत ठेवली तर तो नत्र पुढच्या पिकाला मिळतो. त्या नत्रावर पहिला हक्क खादाड कोबीचा. पण त्याच वाटाण्याने मायकोरायझाचे जाळेही पोसलेले असते, आणि त्याचा लाभ कोबीला नव्हे तर कांद्याला होणार असतो. मध्ये कोबी आला की यजमान मूळ न मिळाल्याने ते जाळे विरत जाते. दोघांपैकी एकाला निवडायचे तर मी वाटाण्यामागे कोबी लावते, कारण नत्राची उणीव कोबी मुळीच सहन करीत नाही आणि न वापरलेला नत्र पावसाने वाहून जातो. कोबी निघाल्यावर मात्र तेथे मोहरीचे हिरवळीचे खत घेत नाही, ती कोबीचीच बहीण. त्याऐवजी मका आणि चवळी एकत्र पेरते, म्हणजे दोन्ही मुळांवर बुरशी पुन्हा वस्ती करते, माती फारशी न उलथता तो पाला वरच आच्छादन म्हणून राहतो, आणि कांद्याची रोपे त्या आच्छादनाला भोके पाडून लावता येतात.